भाषासर्वेक्षणातील सहकार्य आणि बीड जिल्ह्याची रिकामी जागा

१

शास्त्रीय संशोधनातील सामूहिक कार्याचा विचार करताना सामान्यतः प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. परंतु निरीक्षण, नोंद, तुलना आणि पडताळा या क्रमाने चालणारे कोणतेही शास्त्र एका मर्यादेपलीकडे एकट्या माणसाच्या आवाक्यात राहत नाही, आणि बोलींचा अभ्यास हे याचे उत्तम उदाहरण होय. एका गावची बोली एक अभ्यासक टिपू शकतो. एका प्रांतातील बोलींची परस्परसीमा ठरवावयाची झाल्यास मात्र अनेकांचे कान, एकच प्रश्नावली आणि सर्वांच्या नोंदी एकत्र तपासणारी एखादी व्यवस्था यांवाचून गत्यंतर नसते. विद्यापीठांच्या विभागांतून आज विद्यार्थ्यांचे गट करून जी क्षेत्रीय पाहणी केली जाते, तिचा पूर्वेतिहास या मोठ्या सर्वेक्षणांत शोधावा लागतो.

या इतिहासाकडे बीड जिल्ह्यातून पाहिले असता एक निराळेच चित्र दिसते. बीड हा कोणत्याही सर्वेक्षणाचा केंद्रबिंदू कधीच नव्हता. उलट मोठ्या योजनांच्या नकाशावर तो दीर्घकाळ रिकामा राहिला. एखाद्या योजनेचे गुणदोष तिने जे टिपले त्यावरून जसे कळतात, तसेच तिच्यातून जे सुटले त्यावरूनही कळतात. किंबहुना दुसरा पुरावा अधिक बोलका असतो.

२

व्हिएन्ना येथे १८८६ साली भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेने भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी असा ठराव केला. त्या परिषदेस उपस्थित असलेले जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांच्याकडे पुढे, १८९८ साली, या कार्याची सूत्रे देण्यात आली. ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चे खंड १९०३ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि १९२८ साली हे काम पूर्ण झाले. एकूण ११ खंड, त्यांचे अनेक भाग, १७९ भाषा व ५४४ बोली असा त्याचा विस्तार आहे. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो नॉर्वेजियन पंडित स्टेन कोनो यांनी सिद्ध केला.

या योजनेची रचना पाहण्यासारखी आहे. प्रथम जिल्हाधिकाऱ्यांकडून आपापल्या हद्दीत बोलल्या जाणाऱ्या भाषांची व बोलींची नावे मागविण्यात आली. त्या याद्या जुळवून झाल्यावर प्रत्येक बोलीचे तीन प्रकारचे नमुने गोळा करण्यात आले. पहिला नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे त्या बोलीतील रूपांतर. दुसरा, त्या प्रदेशातलीच एखादी कथा, गीत किंवा निवेदन. तिसरा म्हणजे २४१ शब्दांची व वाक्यांची ठराविक यादी. या यादीचे मूळ बंगालच्या एशियाटिक सोसायटीसाठी १८६६ साली तयार झालेल्या यादीत होते, आणि त्या जुन्या यादीच्या आधारे सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी १८७४ साली भारतीय भाषांचे नमुने प्रसिद्ध केले होते. जुन्या संग्रहाशी नवा संग्रह ताडून पाहता यावा, ही दृष्टी या निवडीत स्पष्ट दिसते.

तिन्ही नमुन्यांचे कार्य वेगळे होते. दृष्टांतामुळे सर्व बोलींत एकच आशय मिळे आणि तुलना सुकर होई. स्थानिक कथेमुळे भाषांतराने येणारी कृत्रिमता उघडी पडे. यादीमुळे व्याकरणाच्या रूपांची हमी मिळे. कथेत एखादे रूप न येण्याचा संभव असतो, यादीत ते विचारलेलेच असते. एका साधनाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याची ही योजना आजही आदर्श मानण्यास हरकत नाही.

या योजनेचा कमकुवत दुवा नोंद घेणाऱ्या माणसात होता. नमुने पाठविणारे बहुतेक लोक महसूल अधिकारी, त्यांच्या हाताखालचे कारकून, शिक्षक किंवा मिशनरी होते. त्यांना ध्वनिलेखनाचे शिक्षण नव्हते. शिवाय लिहिता येणारा माणूस लिहावयास बसला की आपोआप शिष्ट भाषेकडे झुकतो. संपादक हजारो मैल दूर असल्यामुळे संशयास्पद रूप दिसले तरी बोलणाऱ्याला पुन्हा विचारणे कठीण होते. पत्र लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी, एवढाच उपाय उरे.

३

याच सुमारास युरोपात श्रमविभागणीच्या दोन निराळ्या रीती वापरल्या जात होत्या. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी १८७६ पासून शाळामास्तरांकडे ठराविक वाक्ये पाठवून ती स्थानिक बोलीत लिहवून घेतली. पुढे ही संख्या ४० वाक्यांवर स्थिरावली आणि ४०,००० हून अधिक गावांची उत्तरे जमा झाली. येथे बिंदूंची दाटी अपूर्व होती, पण प्रत्येक बिंदूवरचा कान निराळा आणि अशिक्षित होता. फ्रान्समध्ये झील झिलिएराँ यांनी याच्या अगदी उलट मार्ग धरला. त्यांनी एदमाँ एदमाँ या एकाच माणसाचा कान तयार करून घेतला, १८९७ ते १९०१ या काळात त्याला ६३९ ठिकाणी पाठविले आणि त्याने टिपलेले उत्तर दुरुस्त न करता छापले. बिंदू थोडे, परंतु सर्वत्र कान एकच.

ग्रियर्सन यांची रीत या दोहोंच्या मधली होती. वेंकरप्रमाणे त्यांनी अनेकांचे हात वापरले, पण ते हात शाळेऐवजी शासनयंत्रणेचे होते. जर्मन योजना जेथे शाळा होती तेथे पोचली. भारतातील योजना जेथे इंग्रजी जिल्हाधिकारी होता तेथे पोचली. ज्या यंत्रणेच्या आधारे संशोधन उभे राहते, तिच्या सीमा पुढे संशोधनाच्याही सीमा होऊन बसतात. बीडच्या बाबतीत नेमके हेच घडले.

४

मद्रास प्रांत, ब्रह्मदेश, म्हैसूर संस्थान आणि हैदराबाद संस्थान हे प्रदेश सर्वेक्षणाच्या कार्यक्षेत्रातून वगळले होते. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मराठी भाषकांच्या एवढ्या मोठ्या प्रदेशातील बोलणे या खंडाच्या नमुन्यांत उमटावे अशी व्यवस्थाच नव्हती. जनगणनेतून मराठी भाषकांची संख्या कळू शकत होती. पण संख्येवरून शब्दाचे रूप कळत नाही.

या सीमेचा अर्थ वऱ्हाडाच्या उदाहरणावरून अधिक उघड होतो. वऱ्हाडही नावाला निजामाचाच प्रदेश होता. परंतु १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांकडे असल्यामुळे तेथील बोलीचे नमुने सर्वेक्षणात आले. पश्चिमेस अहमदनगर जिल्हा मुंबई इलाख्यात असल्याने तोही आत आला. या दोहोंच्या मध्ये असलेला बालाघाटचा प्रदेश, म्हणजे आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाई-परळीपर्यंतचा पट्टा, बाहेर राहिला. बोलीची सीमा येथे कोणी पाहिली नव्हती. पाहिली होती ती कारभाराची सीमा.

हा प्रदेश भाषेच्या इतिहासात अप्रसिद्ध होता असेही नाही. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांचा संबंध परंपरेने अंबाजोगाईशी जोडला जातो, जरी त्या स्थाननिर्णयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. १६१५ साली निवर्तलेले दासोपंत तर निःसंशय तेथलेच. ज्या गावाचे नाव जुन्या मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासात येते, त्या गावच्या चालत्या बोलीचा एकही नमुना विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या सर्वांत मोठ्या संग्रहात मिळू नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

हैदराबाद संस्थानात भाषेच्या क्षेत्रात सामूहिक उद्योग होत नव्हते असे मात्र नव्हे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने गणित, पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, इतिहास अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्याचे काम हाती घेतले. विषयतज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ यांना एका समितीत बसवून परिभाषा निश्चित करावयाची व मगच भाषांतर करावयाचे, ही त्याची पद्धती होती. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शास्त्रशिक्षण देण्याच्या दृष्टीने तो मोठाच प्रयोग होय. तथापि त्याचा रोख कारभाराच्या व शिक्षणाच्या भाषेकडे होता. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील बहुसंख्य प्रजा घरी जे बोलत होती तिकडे नव्हता. एक योजना सीमेपाशी थांबली आणि दुसरी योजना सीमेच्या आत असूनही त्या बोलण्याकडे वळली नाही.

५

या रिकाम्या जागेने नेमके काय गेले, हे एका रूपावरून दाखविता येईल. बीड जिल्ह्यात, तसेच लातूर, नांदेड इत्यादी मराठवाड्याच्या भागांत, चालू क्रिया दाखविण्यासाठी ‘काय करायलास?’, ‘जेवायलो’, ‘ते काम करायलेत’ अशी रूपे सर्रास ऐकू येतात. प्रमाण मराठीत येथे ‘करतो आहेस’, ‘जेवतो आहे’ अशी रूपे येतात, तर विदर्भात ‘करून राहिला’ ही रचना रूढ आहे. ‘करायला लागलो’ या आरंभदर्शक रचनेचा संकोच होऊन आणि तिचा अर्थ ‘आरंभ’ येथून ‘चालू असणे’ येथवर सरकून ‘करायलो’ हे रूप बनले असावे, असे मानण्यास जागा आहे. अर्थाचा असा प्रवास अनेक भाषांत आढळतो.

परंतु हा प्रवास केव्हा घडला? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या रूपाची पश्चिम सीमा आष्टीच्या अलीकडे होती की पलीकडे? ते वाढत गेले की शाळा व वृत्तपत्रे यांच्या प्रभावाने मागे हटले? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आजच्या निरीक्षणाशी ताडून पाहता येईल असे जुने निरीक्षण हवे, आणि या जिल्ह्यापुरते ते सर्वेक्षणाने ठेवलेले नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. उधळ्या पुत्राचा दृष्टांत जवळजवळ सारा भूतकाळात आहे. त्यात ‘करायलो’सारखे रूप येण्यास फारसा वाव नाही. पण २४१ शब्दांच्या यादीत ‘मारणे’ या अर्थाच्या क्रियापदाची निरनिराळ्या काळांतील रूपे मागितलेली आहेत आणि त्यांत चालू वर्तमानकाळाचेही रूप आहे. यादी बीडला पोचली असती आणि लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे शेजारच्या शेतकऱ्याला विचारले असते, तर ‘मारायलो’ अथवा त्याचे त्या काळचे पूर्वरूप आज छापील स्वरूपात समोर असते. म्हणजे साधन अपुरे नव्हते. त्या साधनाला त्या गावी नेणारा माणूस योजनेत नव्हता. सामूहिक संशोधनातील चुका साधनाच्या माथी मारण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. येथे ती लागू पडत नाही.

६

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला १९९४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडले गेले. कारभाराची भिंत अशा रीतीने दूर झाली.

याच काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज भाषावैज्ञानिक कार्याचे केंद्र बनले. १९३९ साली पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा सुरू झाल्यावर डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९४८ साली संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. पहिला भाग १९७६ साली निघाला आणि ते काम अद्याप चालू आहे. पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. त्या कार्यात १९२३ साली विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती आधी काढून ती विद्वानांच्या टीकेसाठी पाठविण्यात आली आणि १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली कामाची पद्धती पक्की झाली. प्रथम लहान प्रयोग, मग टीका, मग पद्धतीचा निश्चय, हा क्रम कोणत्याही सामूहिक योजनेने गिरवावा असा आहे.

तथापि कोशकार्य व संहिताकार्य यांत आणि बोलीच्या सर्वेक्षणात एक मूलभूत भेद आहे. पोथी कपाटात थांबते. पाठ घेणाऱ्याची चूक झाली तर दुसरा माणूस तीच पोथी पुन्हा उघडू शकतो. बोलणारा माणूस थांबत नाही. त्याच्या पिढीबरोबर त्याची बोलीही जाते. म्हणून बोलींच्या कामात योजनेतील चूक ही विलंबाची चूक राहत नाही, ती कायमची हानी ठरते.

महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाच्या वतीने डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला सुरू केली. दक्षिण कानडातील कोंकणी (१९६३), कुडाळी (१९६५), कासरगोडची मराठी (१९७०) इत्यादी ग्रंथ तिच्यातून निघाले. शिक्षित कान आणि पद्धतशीर ध्वनिविचार यांमुळे त्यांचे मोल मोठे आहे. पण या ग्रंथांचा कल किनारपट्टीकडे व सीमाभागाकडे होता. जेथे भेद ठळक तेथे प्रथम जावे, हे मर्यादित मनुष्यबळात समजण्यासारखेच होते. परिणाम मात्र असा झाला की, ‘देशावरची मराठी’ या एका नावाखाली झाकला गेलेला मध्यवर्ती प्रदेश पुन्हा मागे राहिला. पहिल्या वेळी सीमेने बीडला वगळले. दुसऱ्या वेळी ‘तेथे वेगळे काय असणार’ या गृहीताने.

७

एकविसाव्या शतकात दोन निराळ्या प्रकारचे सामूहिक प्रयत्न झाले. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखाली २०१० साली सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात स्वतः भाषकांना व स्थानिक लेखकांना नोंद करणाऱ्याच्या जागी बसविण्यात आले. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड २०१३ साली प्रसिद्ध झाला. यात ग्रियर्सनच्या योजनेतील अधिकाऱ्याची जागा बोलणाऱ्याने घेतली. आपलेपणा आणि सांस्कृतिक तपशील यांत त्याची बाजू भक्कम ठरते; अनेक हातांनी लिहिलेल्या नोंदी एकमेकींशी काटेकोरपणे ताडणे मात्र कठीण जाते.

दुसरा प्रयत्न डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने, डॉ. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७ साली हाती घेतला. प्रशिक्षित तरुण क्षेत्रकार्यकर्ते मराठवाड्यासह राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील गावांत गेले. शब्दांची यादी, लहान चित्रफिती दाखवून काढून घेतलेली वाक्ये आणि मोकळी कथने अशी सामग्री त्यांनी ध्वनिमुद्रित केली. ती संकेतस्थळावर नकाशांसह खुली करण्यात आली आहे. चित्रफितीच्या युक्तीमुळे प्रश्न प्रमाण भाषेत विचारावा लागत नाही आणि उत्तर प्रश्नाच्या साच्यात अडकत नाही. ध्वनिमुद्रणामुळे तर संपादकाला नोंद करणाऱ्याच्या कानावर विसंबून राहण्याचे कारण उरत नाही. वेंकर, झिलिएराँ आणि ग्रियर्सन या तिघांच्या रीतींतील मुख्य उणिवांवर येथे उपाय योजलेला दिसतो.

८

तरीही साधने सुधारली म्हणून योजनेचे प्रश्न संपत नाहीत. बीड जिल्ह्यात ते आजही मूर्त स्वरूपात उभे राहतात. दिवाळीच्या आसपास येथून लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादमाच्या हाताखाली ‘कोयत्यां’ची, म्हणजे बहुधा नवराबायकोच्या जोड्यांची, टोळी बांधली जाते. विद्यापीठाचे क्षेत्रकार्य मात्र साधारणतः हिवाळ्याच्या सुटीत ठरते. त्या वेळी डोंगरपट्ट्यातील गावात जो भेटतो तो वृद्ध असतो, किंवा नोकरदार, किंवा ज्याला जावे लागत नाही असा जमीनदार. नमुना घेतला जातो. पण कष्टकरी तरुण स्त्रीपुरुषांचे बोलणे त्यात येत नाही. कारखान्यावरच्या पालांत सहा महिने निरनिराळ्या जिल्ह्यांच्या बोली कानांवर घेऊन परतणाऱ्या माणसाच्या भाषेत काय बदल होतो, हा प्रश्न तर विचारलाही जात नाही. तांड्यांवर गोरबोली आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्यांची गत याहून वेगळी नाही. १९०० च्या सुमारास संस्थानाची सीमा आड आली. आज शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक तितक्याच निमूटपणे आड येऊ शकते.

या साऱ्या इतिहासातून गटाने केलेल्या शास्त्रीय कार्याविषयी चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कार्यक्षेत्राची सीमा हा स्वतंत्र शास्त्रीय निर्णय मानला पाहिजे. सोयीने आखलेली सीमा निदान सोयीची म्हणून नोंदविली पाहिजे. ग्रियर्सन यांनी वगळलेले प्रदेश स्पष्टपणे सांगितले, म्हणूनच आज ती रिकामी जागा ओळखता येते. दुसरी, साधनांची जुळणी अशी हवी की एकाची उणीव दुसऱ्याने भरावी. तिसरी, नोंद करणारा आणि निर्णय करणारा यांच्यामध्ये परतीचा रस्ता मोकळा पाहिजे. संशय आला तर त्याच माणसाकडे पुन्हा जाता आले पाहिजे. चौथी, मूळ सामग्री, मग ती चिठ्ठी असो, पत्र असो वा ध्वनिमुद्रण, निष्कर्षांपासून वेगळी व सुरक्षित राहिली पाहिजे, आणि ती कोणी आणली त्याचे नाव तिच्यासोबत राहिले पाहिजे. एदमाँचे नाव झिलिएराँच्या नकाशासंग्रहावर छापले गेले. भारतातील सर्वेक्षणाला नमुने पुरविणारे असंख्य कारकून आणि शिक्षक बहुतांशी अनाम राहिले. त्यामुळे कोणत्या नमुन्यावर किती विश्वास ठेवावा हे ठरविण्याचे एक साधनच नाहीसे झाले. श्रेयाचा प्रश्न हा सौजन्याचा वाटतो, पण मुळात तो पुराव्याच्या विश्वसनीयतेचा आहे.

बीडची १९०० सालची बोली आता कोणालाही टिपता येणार नाही. ज्यांनी ती ऐकली होती त्यांची नातवंडेही आता वृद्ध झाली आहेत. मांजरेच्या उगमाकडील एखाद्या गावी किंवा धारूरच्या डोंगरात आज जो ऐंशी वर्षांचा माणूस ‘काय करायलास बाबा’ असे विचारतो, त्याच्या बोलण्यात त्याच्या आजीने शिकविलेले जे काही उरले असेल, तेवढाच त्या गेलेल्या नमुन्याचा अवशेष होय. तो टिपण्यास अजून अवधी आहे. परंतु त्यासाठी जाणाऱ्या गटाने आपले वेळापत्रक सुटीच्या तारखांवरून न आखता गावाला माणसे परततात त्या महिन्यांवरून आखले पाहिजे.